आधी रक्त तपासा, मग इंजेक्शन

या लेखात आम्ही 'आम्ही' म्हणतोय, त्याला कारण आहे. रक्त एकाच्याच दंडातून काढलं गेलं, पण काळजी दोघांना होती आणि निर्णयही दोघांनी मिळून घेतला. लिहायचं ठरलं तेव्हा हेच म्हणाले, "नाव टाकू नकोस, पण लिही. आपल्यात हे कुणी बोलत नाही. म्हणून पोरं कुठंतरी जाऊन गुपचूप इंजेक्शनं घेतात."

विषय आहे टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषाच्या वृषणांत तयार होणाऱ्या हार्मोनचा. दाढीमिशा आणि आवाजापासून ते स्नायू, हाडांची मजबुती, रक्तातल्या तांबड्या पेशी आणि नवराबायकोतली ओढ इथपर्यंत त्याचा हात पोचतो. ते खरोखर कमी असेल तर बाहेरून देता येतं आणि त्याचा गुणही येतो. पण हल्ली थकवा आला, पोट सुटलं, मन लागेना, की टेस्टोस्टेरॉन घ्या, असं सांगणारे गल्लोगल्ली झालेत. जिममध्ये सांगतात, मोबाइलवरच्या जाहिराती सांगतात. कायद्यानं हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको. प्रत्यक्षात काय चालतं, ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

यांचं वय एक्केचाळीस. बारा वर्षं आखातात पाळीची नोकरी केली, आता चिपळूणला स्वतःचं दुकान आहे. परत आल्यावर वजन ९४ किलोवर गेलं. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा, रात्री घोरणं इतकं की मुलगी दादीच्या खोलीत झोपायला जायची. चिडचिड वाढली आणि आमच्या दोघांतही अंतर पडलं. आम्हाला एक मुलगी आहे, सात वर्षांची. दुसरं मूल हवं होतं, ते होत नव्हतं. अम्मींना वाटायचं, नजर लागली. शेजारणी विचारायच्या मला, यांना कुणी विचारत नव्हतं.

शेवटी हे एका क्लिनिकमध्ये गेले, जोडीला मीही गेले. दुपारी साडेतीनची वेळ होती, जेवण झालेलं. रक्त घेतलं, रिपोर्ट आला, टेस्टोस्टेरॉन २३८. "कमी आहे, उद्यापासून इंजेक्शन सुरू करू, दर दोन-तीन आठवड्यांनी एक." दुसरी एकही तपासणी सांगितली नाही. आम्ही विचारलं, "आम्हाला दुसरं मूल हवंय, त्याला काही अडचण?" उत्तर मिळालं, "उलट ताकद वाढेल." आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि रिपोर्ट घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मुंबईच्या हार्मोनतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं.

त्या 'उलट' या शब्दाबद्दल आधी सांगतो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथंच होता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच नावाचे दोन निरोप रक्तातून वृषणांकडे पाठवते. पहिल्यामुळं टेस्टोस्टेरॉन तयार होतं, आणि दोन्हींच्या मेळानं शुक्रजंतू. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे, आणि ती निरोप पाठवणं थांबवते. मग वृषणांचं काम मंदावतं आणि शुक्रजंतू कमी होत होत पार शून्यावरही येतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की त्याचा गर्भनिरोधक म्हणून उपयोग होईल का, हे जागतिक आरोग्य संघटनेनं तपासलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात देशांतल्या २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं. सहा महिन्यांच्या आत त्यांच्यातल्या साधारण दोन-तृतीयांश पुरुषांचे शुक्रजंतू शून्यावर आले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मूल हवं म्हणून आलेल्या माणसाला ताकदीच्या नावानं हेच इंजेक्शन देणं म्हणजे काय, ते यावरून कळेल. ज्यांना नजीकच्या काळात मूल हवं आहे, त्यांना टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असं हार्मोनतज्ज्ञांचे नियम स्पष्ट सांगतात. अशा पुरुषाला खरंच कमतरता असली, तर वृषणांना कामाला लावणारी दुसरी औषधं असतात. ती कोणाला द्यायची, ते तज्ज्ञच ठरवतात.

मुंबईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त किती वाजता घेतलं?" टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. पोटभर जेवल्यावरही ते काही वेळ खाली येतं. म्हणून नमुना सकाळी लवकर, शक्यतो दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचा. एकदा कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा द्यायचा. दोन्ही वेळा कमी आलं आणि त्रासाची लक्षणंही असली, तरच कमतरता म्हणायची. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालचा आकडा कमी धरते. प्रयोगशाळेगणिक थोडा फरक पडतो, म्हणून दोन्ही वेळचं रक्त एकाच प्रयोगशाळेत द्यावं. ताप येऊन गेला असेल, रात्र जागून काढली असेल किंवा रात्रीच्या गाडीनं प्रवास झाला असेल, तर त्या दिवशी रक्त देऊ नये. आम्ही चिपळूणलाच, नीट झोप झालेल्या दोन सकाळी, आठच्या सुमारास रक्त दिलं आणि मग रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलो.

आखातातून आलेल्या कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. यांचा तिकडचा एक जुना रिपोर्ट होता, त्यात टेस्टोस्टेरॉन ११ लिहिलेलं. भाचा म्हणाला, "मामू, लोकांचं तीनशे-चारशे असतं, तुमचं अकरा?" घरात सन्नाटा. डॉक्टर हसले. तिकडं आकडा वेगळ्या मापात, नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात. त्याला २८.८ नं गुणलं की आपल्याकडचं माप मिळतं. अकराचे झाले ३१७. आकड्याच्या पुढं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणी घाबरू नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही प्रयोगशाळेत सांगावं, काही यंत्रांवर त्यानं आकडा चुकतो.

सकाळचे दोन आकडे आले २७४ आणि २९१. म्हणजे दुपारच्या २३८ पेक्षा बरे, तरी तीनशेच्या खाली. इथून पुढं बाकीच्या तपासण्यांचं महत्त्व आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, "कमी आहे हे समजलं. का कमी आहे, ते शोधू."

त्यासाठी एलएच आणि एफएसएच पाहतात. हे दोन्ही वाढलेले आणि टेस्टोस्टेरॉन कमी, तर बिघाड वृषणांत. वयात आल्यावर गालगुंड होऊन ते वृषणांत उतरलेलं असेल, किंवा जन्मापासून एक गुणसूत्र जास्त असेल, तर असं होतं. निरोपच कमी असतील तर दुखणं वर, पिट्युटरीकडं. मग प्रोलॅक्टिन पाहतात, शरीरात लोह साठलंय का ते पाहतात, आणि गरज पडली तर डोक्याचा एमआरआय करतात. थायरॉइडची टीएसएच तपासणी करतात, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच थकतो. एचबीएवनसीनं तीन महिन्यांची साखर समजते. चरबी, यकृत आणि मूत्रपिंड पाहून घेतात. एसएचबीजी नावाचं प्रथिन मोजतात. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग या प्रथिनाला चिकटून फिरतो. जाड माणसात आणि मधुमेहात हे प्रथिनच कमी असतं, म्हणून एकूण आकडा खाली दिसतो, पण शरीराला वापरता येणारा मोकळा भाग पुरेसा असू शकतो. मूल हवं असेल तर वीर्यतपासणीही यातच येते. ती करायला हे आधी तयार नव्हते. डॉक्टर म्हणाले, "मुलाच्या तपासण्या बायकोच्या आधी नवऱ्याच्या करायच्या असतात, त्या सोप्या असतात." त्यावर हे गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी तपासणी झाली.

निकाल असा निघाला. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड सगळं ठीक. शुक्रजंतू ठीक. एसएचबीजी कमी, आणि हिशेब केल्यावर मोकळं टेस्टोस्टेरॉन ठरलेल्या मर्यादेत. एचबीएवनसी मात्र ८.२. मधुमेह होता, आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. घोरण्याबद्दल ऐकून डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून घेतली. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकत होता. थकव्याची कारणं एका फाइलीत समोर होती, आणि त्यांतल्या एकावरही टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हा इलाज नव्हता. शिवाय ते घेतलं असतं तर मुलाची आशा आमच्याच हातानं लांबवली असती.

साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, रात्री श्वासाचं मशीन लागलं, मगरिबनंतर चालणं सुरू झालं. चौदा महिन्यांत वजन ८३ वर आलं, एचबीएवनसी ६.४ झालं, आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन ३९० च्या घरात गेलं. दुसऱ्या बाळाची बातमी अजून नाही. पण दार बंद झालेलं नाही, आणि आम्ही दोघं पुन्हा एकमेकांशी बोलतो. इन्शाअल्लाह, पुढचं पुढं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाईटच. तसं नाही. आमच्याच घरात भाईजान, यांचे थोरले बंधू, ते घेतात आणि त्यांना त्याची खरी गरज आहे. त्यांचं वय सत्तावन्न. पिट्युटरीवर गाठ होती, तिचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर निरोप पाठवणारी ग्रंथीच थंडावली. दोन्ही सकाळचं टेस्टोस्टेरॉन पन्नासच्या खाली, एलएच जवळजवळ नाहीच. मुलं मोठी झालेली, आणखी मूल नको होतं. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे शरीराला त्याचं हक्काचं परत देणं. पण त्यांनाही पहिलं इंजेक्शन मिळालं ते दोन तपासण्यांनंतरच.

एक, सीबीसी. त्यात पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट पाहतात, रक्तात तांबड्या पेशींचा भाग शंभरात किती आहे तो. टेस्टोस्टेरॉन हाडांतल्या मज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावतं. त्या प्रमाणाबाहेर वाढल्या की रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. आधीच पीसीव्ही पन्नासच्या वर असेल तर त्याचं कारण शोधल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. दोन, प्रोस्टेट ग्रंथीसाठी पीएसए, चाळिशीच्या पुढच्या पुरुषांत. ग्रंथीत कॅन्सर दडलेला असेल तर त्याला खतपाणी मिळू नये, म्हणून. ज्यांना गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलाय, त्यांनाही थांबवतात.

भाईजानचा पीसीव्ही सुरुवातीला ४५ होता. तीन महिन्यांनी ५१ झाला. तोवर त्यांच्या अंगात इतकी तरतरी आली होती, की सहाव्या महिन्याच्या तपासणीला ते तयारच होईनात. "मला बरं वाटतंय, मग पुन्हा सुई कशाला?" भाभींनी ऐकलं नाही. रिपोर्ट आला ५५. नियम असा, की ५४ च्या वर गेला की औषध थांबवायचं. रक्त दाट होताना माणसाला काही कळत नाही, उलट बरंच वाटत असतं, म्हणूनच ते मोजावं लागतं. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, बिडी सोडायला लावली, आणि आकडा खाली आल्यावर इंजेक्शनऐवजी कमी मात्रेचं जेल सुरू केलं. आता पीसीव्ही ४७ आहे. शेजारच्यांनी हिजामा सुचवला होता. डॉक्टर म्हणाले, त्यात रक्त किती निघालं ते मोजलेलं नसतं, त्याच्या भरवशावर राहू नका, आणि केला असेल तर तपासणीआधी सांगा. रक्त काढायची वेळ आलीच तर ते रक्तपेढीत, मोजून काढतात.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन आणि पीसीव्ही, तीन ते बारा महिन्यांत पीएसए, आणि पुढं दरवर्षी, असा साधारण क्रम असतो. पीएसए पहिल्या वर्षात १.४ पेक्षा जास्त वाढलं किंवा ४ च्या वर गेलं, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवतात. टेस्टोस्टेरॉन कधी मोजायचं, ते औषधाच्या प्रकारावर ठरतं. दर एक-दोन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनात, दोन इंजेक्शनांच्या मधोमध. दहा ते चौदा आठवडे चालणाऱ्या मोठ्या इंजेक्शनात, पुढचं घेण्याच्या अगदी आधी. जेलमध्ये, लावल्यावर दोन ते आठ तासांत. भलत्या दिवशी रक्त दिलं तर आकडा फसवा येतो आणि मात्रा चुकते.

जेल असेल तर घरातल्या बायामुलांनीही जपायचं असतं. ते अंगावरून अंगावर जातं. लहान मुलाला लागत राहिलं तर त्याच्यात वेळेआधी वयात आल्याची चिन्हं दिसू शकतात, बाईला लागलं तर लव वाढू शकते. भाईजान फजरनंतर आंघोळ करून खांद्यावर जेल लावतात, हात साबणानं धुतात, सुकलं की सदरा घालतात, आणि नातवाला त्यानंतरच कडेवर घेतात. वजूचं पाणी कोपरापर्यंतच जातं, त्यामुळं खांद्यावरचं औषध वजूनं धुतलं जात नाही.

रमजानबद्दल अनेकजण विचारतात. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी सांगितलं, की तपासणीसाठी थोडं रक्त दिल्यानं रोजा तुटत नाही. डॉक्टरांची अडचण मात्र वेगळी होती. सेहरी करून सकाळी आठला रक्त दिलं तर पोट रिकामं नसतं, झोप मोडलेली असते. आणि दुपारनंतर दिलं तर दिवसभर पाणी न प्यायल्यानं पीसीव्ही खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून त्यांनी भाईजानची नेहमीची तपासणी रमजान ईदनंतर पंधरा दिवसांनी ठेवली. पण तारीख पुढं ढकलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

हृदयाच्या भीतीबद्दलही ऐकू येतं. २०२३ साली ट्रॅव्हर्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, ४५ ते ८० वयाचे पाच हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. टेस्टोस्टेरॉनचं जेल घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू, यांचं प्रमाण नुसतं जेल घेणाऱ्यांपेक्षा वाढलं नाही. हृदयाची लय बिघडणं, फुप्फुसात गुठळी अडकणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं मात्र थोडं जास्त दिसलं. यात एक गोष्ट विसरू नये. त्या सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन आधी दोनदा मोजलेलं होतं, आणि औषध चालू असतानाही मोजून मात्रा ठरत होती. जो न मोजता टोचून घेतो, त्याला या अभ्यासाचा दिलासा लागू होत नाही.

तपासण्यांचा खर्च होतो, काही हजार रुपये जातात, हे खरं आहे. पण न लागणाऱ्या औषधावर वर्षानुवर्षं त्याहून जास्त जातात, आणि एकदा शरीराचं आपलं काम थांबलं की नुसते पैसे देऊन ते लगेच सुरू करता येत नाही.

भगिनींना एवढंच सांगणं आहे. नवरा, भाऊ किंवा मुलगा इंजेक्शनची गोष्ट काढेल, तेव्हा त्याच्या मर्दानगीवर बोलू नका, त्याच्याबरोबर जा. डॉक्टरला विचारा, रक्त सकाळी उपाशीपोटी दोनदा घेतलं का? कमी का आहे, ते शोधलं का? पीसीव्ही आणि पीएसए पाहिलं का? मूल हवं असेल तर ते सगळ्यात आधी, स्पष्ट शब्दांत सांगा. औषध सुरू झालंच तर पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा, आणि सगळे रिपोर्ट एका फाइलीत, तारखेनं लावून ठेवा. भाईजानच्या फाइलीत ४५ आणि ५१ शेजारी शेजारी लावलेले होते, म्हणून ५५ आल्यावर डॉक्टरांना आकडा कसा चढत गेला ते एका नजरेत दिसलं.